चित्र ‘बहुधा’ म्हणत नाही : मुरगाव १९४३ वरच्या एका चित्रकादंबरीचं प्रकरण

पार्श्वभूमी

फोंड्याचा एक लेखक, वास्कोची एक चित्रकार आणि पणजीतला एक छोटा मराठी प्रकाशक अशा तिघांनी १२८ पानांची ऐतिहासिक चित्रकादंबरी करायला घेतली. त्यांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील इथे बदलले आहेत. पुस्तकातला इतिहास मात्र आहे तसाच ठेवला आहे, कारण सगळी अडचण त्या इतिहासातच होती.

कथेचे दोन धागे होते. पहिला मुरगाव बंदरातला. १९३९ मध्ये युद्ध पेटलं तेव्हा एरेनफेल्स, ड्राखेनफेल्स आणि ब्राउनफेल्स ही तीन जर्मन मालवाहू जहाजं मुरगावात आसऱ्याला आली. पुढे त्यांच्या जोडीला आन्फोरा हे इटालियन जहाजही अडकून पडलं. पोर्तुगाल तटस्थ, त्यामुळे गोव्याचं पाणीही तटस्थ. सुमारे ७,७५० टनांच्या एरेनफेल्सवरून चोरट्या ट्रान्समीटरने दोस्तांच्या जहाजांची माहिती जर्मन पाणबुड्यांना पोचते, असा ब्रिटिशांच्या एसओई या गुप्त संघटनेचा संशय होता. ‘त्रोंपेता’ या टोपणनावाने ओळखला जाणारा रॉबर्ट कॉख हा जर्मन हेर गोव्यात राहत होता. १९४२ च्या अखेरीस एसओईचा अधिकारी लुईस प्यू आणि त्याच्या साथीदाराने त्याला पत्नीसह मोटारीतून उचलून नेलं. मग ९ मार्च १९४३ च्या पहाटेपूर्वी ‘फीबी’ नावाच्या, गाळ वाहून नेणाऱ्या बार्जमधून कलकत्ता लाइट हॉर्सचे १४ आणि कलकत्ता स्कॉटिशचे ४ जण, म्हणजे हौशी स्वयंसेवक तुकड्यांतली माणसं, एरेनफेल्सवर चढले. जहाजाच्या कप्तानासह काही जण मारले गेले. खलाशांनी जहाजांना आगी लावल्या, पाणी आत घेतलं आणि चारही जहाजं बंदरातच बुडवली. तटस्थतेचा भंग उघड होऊ नये म्हणून ब्रिटिशांनी हे प्रकरण जवळपास पस्तीस वर्षं दडपून ठेवलं.

दुसरा धागा २२ वर्षांनंतरचा, स्पेन-पोर्तुगाल सीमेवरचा. हवाईदलाचे जनरल उंबेर्तो देल्गादो १९५८ च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या उमेदवाराविरुद्ध उभे राहिले. निवडून आल्यावर सालाझारचं काय करणार, असं पत्रकाराने विचारलं तेव्हा ‘बडतर्फ करणार, उघडच आहे’ असं त्यांनी सांगून टाकलं. पुढे ते परागंदा झाले. १३ फेब्रुवारी १९६५ रोजी पीडे या गुप्त पोलिस दलाच्या टोळीने त्यांना खोट्या भेटीच्या आमिषाने सीमेजवळ बोलावलं आणि ठार केलं. त्यांची ब्राझिलियन सचिव आराजारीर कांपोस हिलाही मारलं. दोघांचे मृतदेह एप्रिलच्या अखेरीस विल्यानुएव्हा देल फ्रेस्नो या स्पॅनिश गावाजवळ सापडले. टोळीचा म्होरक्या रोझा कासाको. त्याच्यासोबत होता कासिमिरो मोंतेरो, गोव्यात जन्मलेला. १९५० च्या दशकात गोव्याच्या पोलिसांत असताना स्वातंत्र्यसैनिकांच्या छळासाठी तो कुप्रसिद्ध होता आणि ‘एजंट मोंतेरो’ हे नाव त्या पिढीतल्या गोमंतकीयांना आजही ऐकवत नाही.

बंदरातली हेरगिरी आणि सीमेवरचा खून यांना जोडणारा एक गोमंतकीय माणूस. कल्पना खरोखर जोरदार होती. ७४ पानं १९४३ ला, ३८ पानं १९६५ ला आणि १६ पानं नकाशा, प्रस्तावना व परिशिष्टाला अशी वाटणी ठरली. प्रकाशनासाठी १९ डिसेंबर, गोवा मुक्तिदिन ठरला. १६ पानांचा एक असे आठ फॉर्म, प्रती १,०००.

अडचण कुठे आली

सप्टेंबरात सगळी पानं शाई देऊन तयार झाल्यावर वाचन ठेवलं. पोर्तुगीज वाचू शकणारी एक अभिलेख-अभ्यासक, बंदरातून निवृत्त झालेले एक वृद्ध कामगार, एक वकील आणि म्हापशाच्या कॉलेजातले काही विद्यार्थी असे वाचक होते. त्या एका दुपारी चार वेगवेगळ्या जातीचे दोष समोर आले. चारही एकाच मुळातून आले होते, तपासणी शाईआधी झालीच नव्हती, हे कळायला मात्र आणखी वेळ गेला.

पहिला दोष कथेचा. दोन धागे जोडण्यासाठी लेखकाने सहा पानांचा प्रसंग रचला होता. १९४३ च्या कार्निव्हलच्या रात्री तरुण मोंतेरो मुरगावच्या धक्क्यावर उभा राहून जळतं एरेनफेल्स बघतो आणि तिथेच त्याच्या आयुष्याची दिशा ठरते, असा. पानं देखणी होती, पण मोंतेरो त्या रात्री तिथे असल्याचा कसलाही आधार नव्हता. ‘त्याने कदाचित ही आग पाहिली असेल’ असं गद्य कादंबरीत लिहिता येतं आणि वाचक त्या ‘कदाचित’ला धरून पुढे जातो. चित्रात तो माणूस उभाच असतो, चेहऱ्यावर आगीचा उजेड घेऊन. चित्रकथेत ‘बहुधा’ काढता येत नाही, आणि या प्रकरणातली निम्मी गुंतागुंत इथूनच सुरू झाली.

दुसरा दोष घराचा. तो सर्वांत धोक्याचा होता. पुस्तकात पोर्तुगीज पोलिसांना बातम्या पुरवणारा एक काल्पनिक खबऱ्या होता. त्याला आडनाव दिलं नव्हतं, गावही नाही, तेवढी काळजी घेतली होती. पण त्याचं घर काढायला चित्रकाराने सासष्टीतल्या एका खऱ्या घराचा फोटो समोर ठेवला होता. बाल्कांवच्या, म्हणजे दारापुढच्या ओसरीच्या, दोन्ही बाजूंची सोपो (बसायचे कट्टे), खिडक्यांना शिंपल्यांची तावदानं, कौलांच्या टोकाला मातीचा कोंबडा आणि फाटकाच्या डाव्या खांबाला गेलेला तडा, सगळं जसंच्या तसं उतरलं होतं. वाचनाला आलेल्या विद्यार्थ्यांपैकी एकीची आजी सोबत होती. तिने पान उलटलं, थांबली आणि म्हणाली, ‘हें घर हांव वळखतां.’ गोव्यात माणूस नावाआधी घरावरून ओळखला जातो. नाव गाळून काही उपयोग झाला नव्हता. एका जिवंत कुटुंबाच्या दारावर खबऱ्याचा शिक्का बसला असता.

तिसरा दोष वस्तूंचा. वृद्ध कामगार पहिल्याच दुपानी चित्रावर बोट ठेवून म्हणाले, ‘हो धक्को तेन्ना असो नासलो.’ चित्रकार वास्कोत वाढलेली, झुआरीतून खनिजाने भरलेल्या बार्जी जाताना लहानपणापासून बघितलेली. त्याच बार्जी तिने १९४३ च्या पार्श्वभूमीला काढल्या होत्या, पण लोहखनिजाची मोठी निर्यात पन्नाशीच्या दशकातली. आगशीहून कुठ्ठाळीला मोटार पुलावरून जाताना दाखवली होती. झुआरीवर पूल १९८३ चा, त्याआधी फेरीबोटच. एक अधिकारी ‘पीडेला कळवा’ असं म्हणतो, पण पीडे स्थापन झाली १९४५ मध्ये आणि १९४३ मध्ये तेच काम पीव्हीडीई करत असे. लाच एस्कुदोत दिली होती, तर तेव्हा गोव्यात पोर्तुगीज रुपया आणि तांगे चालत, १६ तांग्यांचा रुपया. एस्कुदो १९५८-५९ मध्ये आला. मोटारींची रस्त्यावरची बाजू मात्र बरोबर होती. पोर्तुगालने १९२८ मध्ये उजवीकडून गाड्या चालवायला सुरुवात केली, तरी गोव्यात डावीकडूनच चालत राहिल्या, आणि हे चित्रकाराला ठाऊक होतं.

सगळ्यात मोठी चूक आकाशात होती. हल्ल्याच्या १८ पानांवर पूर्ण चंद्र होता. ६ मार्च १९४३ ला अमावास्या होती, म्हणजे ८ च्या संध्याकाळी फाल्गुनाची नखाएवढी कोर दिसून रात्र चढायच्या आत मावळली असणार. हल्लेखोरांनी नेमकी काळोखी रात्र गाठली होती. पूर्ण चंद्र दाखवल्याने चित्र खोटं ठरत होतं, आणि बेतामागची हुशारीही पुसली जात होती. त्यातच कार्निव्हलचे दिवस होते. राखेचा बुधवार, म्हणजे कार्निव्हल संपल्यानंतरचा दिवस, १० मार्चला, म्हणजे हल्ल्याची रात्र सोमवार उलटून मंगळवार लागतानाची, ऐन इंत्रुजातली, म्हणजे कार्निव्हलमधली. तेवढं पुस्तकात अचूक आलं होतं.

एक चूक मात्र कुणाच्याच लक्षात आली नव्हती, ती अभ्यासक बाईंनी काढली. बार्जमधून चढणारे सगळे पंचविशीतले, पिळदार कमांडो दाखवले होते. प्रत्यक्षात ते कलकत्त्यात ताग, चहा, हिशेब सांभाळणारे हौशी घोडेस्वार, बरेचसे मध्यमवयीन, पोट सुटलेले. या मोहिमेतली खरी माणुसकीची जागा हीच, आणि चित्रांनी ती नेमकी घालवली होती.

चौथा दोष छपाईचा. त्याकडे पुढे येऊच.

समोरचे पर्याय

प्रकाशकाच्या ऑफिसात तिघांची बैठक झाली तेव्हा तीन वाटा मांडल्या गेल्या.

पहिली वाट म्हणजे ‘ही कलाकृती काल्पनिक आहे’ अशी ओळ पहिल्या पानावर टाकायची आणि १९ डिसेंबर गाठायचा. छापखान्याची तारीख ठरलेली, मुक्तिदिनाला विक्री होते, सगळं प्रकाशकाच्या बाजूने होतं. वकिलांनी मात्र स्पष्ट सांगितलं की अशी ओळ ढाल होत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मधल्या बदनामीच्या व्याख्येत मृत व्यक्तीवर केलेला आरोपही येऊ शकतो, जर तो तिच्या कुटुंबीयांच्या भावना दुखावण्यासाठी असेल तर. खबऱ्याचं घर ओळखीचं ठेवून ‘काल्पनिक’ म्हणणं कोर्टात टिकणं कठीण. आणि कोर्टाचा प्रश्न बाजूला ठेवला तरी त्या कुटुंबाने काय केलं होतं?

दुसरी वाट १९६५ चा धागा पूर्ण काढून टाकायची. मग कासिमिरो मोंतेरोचा प्रश्नच उरत नाही. पण ३८ पानं गेल्यावर पुस्तक ९० च्या आसपास येतं, ना सहा फॉर्म भरतात ना पाच. त्याहून मोठं नुकसान म्हणजे पुस्तकाचा राजकीय कणाच जातो. मुरगावची रात्र मग एक साहसकथा होऊन बसते, गोऱ्या लोकांनी गोऱ्या लोकांवर केलेला हल्ला, गोवा फक्त पडद्यामागे. लेखकाचा हा आक्षेप बरोबर होता.

तिसरी वाट तारीख सोडायची, जे नक्की आहे आणि जे नाही ते वेगळं करायचं आणि त्याप्रमाणे चित्रांची भाषाच बदलायची. चित्रकाराचा विरोध इथे सगळ्यात जास्त होता, आणि तोही रास्त. शाई दिलेलं एक पान पुन्हा काढायला तिला दोन पूर्ण दिवस लागत.

अडीच तासांच्या चर्चेत निर्णय फिरला तो एका साध्या प्रश्नावर, ‘मोंतेरो खरंच गोव्याच्या पोलिसांत कधी होता?’ उत्तर सगळ्यांना आधीच माहीत होतं, १९५० च्या दशकात. दोन धाग्यांना जोडणारा खरा दुवा हाताशी असताना लेखकाने खोटा दुवा रचला होता, कारण कार्निव्हल, आग आणि तरुण चेहरा हे चित्राला जास्त मोहवणारं होतं. बैठक तिसऱ्या वाटेवर संपली.

काय केलं

पहिलं काम म्हणजे एक साधी वही. प्रत्येक पानाची प्रत्येक चौकट आणि तिच्यासमोर तीनपैकी एक खूण : नक्की, वादाचं, कल्पना. अभ्यासक आणि लेखक दोघांनी ती स्वतंत्रपणे भरली आणि जिथे खुणा जुळल्या नाहीत ती चौकट आपोआप ‘वादाचं’ मध्ये गेली. एरेनफेल्स ९ मार्चला बुडालं, नक्की. कॉखला पळवलं, नक्की. त्याचं आणि त्याच्या पत्नीचं पुढे काय झालं याची खात्रीची नोंदच नाही, म्हणून सुटकेसाठी धडपडणारा कॉख ही कल्पना. खलाशांना किनाऱ्यावर ओढायला त्या रात्री मेजवानी मुद्दाम घडवून आणली होती, असं सांगितलं जातं, म्हणून वादाचं.

ट्रान्समीटरचा प्रश्न सर्वांत चिवट निघाला. हल्ल्यानंतर हिंदी महासागरात जहाजं बुडणं कमी झालं म्हणजे ट्रान्समीटर चालू होता, हा युक्तिवाद लोकप्रिय आहे. पण मार्च १९४३ च्या सुरुवातीला जर्मन पाणबुड्यांची शिकार मुख्यतः दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ चालली होती, मुरगावपासून हजारो किलोमीटर दूर. मागून घडलेल्या गोष्टीने आधीचं कारण सिद्ध होत नाही. मूळ पुस्तकात मात्र रेडिओ ऑपरेटर कानाला हेडफोन लावून मोर्सची कळ दाबताना पूर्ण पानभर होता, आणि एवढ्या मोठ्या चित्राशी वाचक वाद घालत नाही.

मग या तीन खुणांना तीन रेषा दिल्या. ‘नक्की’ ला शाईची भरीव रेषा आणि बंद चौकट. ‘कल्पना’ ला नुसती पेन्सिल, काळा भरणा नाही. ‘वादाचं’ साठी आधी कड नसलेली चौकट ठरवली होती. म्हापशाच्या विद्यार्थ्यांना चार पानं दाखवली तेव्हा पेन्सिल सगळ्यांना कळली, पण कड नसलेली चौकट कुणालाच कळली नाही. चित्रकथेत मोकळी चौकट एरवीही शांततेसाठी, श्वासासाठी वापरतात, त्यामुळे वाचकाला त्यात शंका दिसत नाही. ते सोडून दिलं आणि वादाचा क्षण एकाच चौकटीत मधोमध चिरून दोनदा काढायचं ठरलं. डाव्या अर्ध्यात ऑपरेटर कळ दाबतोय, मागे दोन डोलकाठ्यांमध्ये ताणलेली एरिअलची तार. उजव्या अर्ध्यात तीच केबिन, तोच दिवा, संच बंद, खुर्ची रिकामी. खाली ओळ नाही, बाण नाही. विद्यार्थ्यांनी हे पहिल्या नजरेत ओळखलं.

देल्गादोंच्या खुनाला हीच रीत पुरली नाही. गोळी झाडली की मारहाणीत जीव गेला, यावर मतभेद राहिले आहेत. पोर्तुगालमधल्या १९७४ च्या क्रांतीनंतर तिथल्या लष्करी न्यायालयात खटला चालला आणि १९८१ मध्ये मोंतेरोला त्याच्या गैरहजेरीत दोषी ठरवलं गेलं, एवढं पक्कं. मारण्याच्या दोन पद्धती शेजारी शेजारी काढणं हे शंका दाखवणं नाही, ते हिंसेचं प्रदर्शन आहे. इथे तिघांनी मिळून घेतलेला निर्णय या प्रकरणातला सर्वांत चांगला म्हणावा लागेल : खून काढायचाच नाही. सीमेजवळचा माळ, उभ्या दोन गाड्या, उघडं दार, दुसऱ्या पानावर तोच माळ आणि गाड्या नाहीत. तिसऱ्यावर एप्रिल.

याच पानांवर आणखी एक दुरुस्ती झाली, ती कुणी मागितली नव्हती. मूळ संहितेत आराजारीर कांपोस फक्त ‘सेक्रेटरी’ होती, पाठमोरी. तिला नाव दिलं, चेहरा दिला आणि मृतदेह सापडल्याच्या पानावर तिचा उल्लेख जनरलच्या आधी घेतला. ती तिथे मारली गेलेली दुसरी माणूस आहे, जनरलच्या गोष्टीतली वस्तू नाही, आणि पुस्तकात ते दिसायलाच हवं होतं.

मोंतेरो धक्क्यावर जळतं जहाज बघतो ती रचलेली सहा पानं वगळली. फॉर्म पुरा राहायला सहा पानं परत भरणं भाग होतं. चार पानं १९५० च्या दशकातल्या गोव्याला दिली : पोलिस ठाण्याची पायरी, बाहेर ताटकळणाऱ्या बायका, आतून येणारा आवाज आणि मोंतेरो फक्त एका चौकटीत, दारात. छळ सोसलेल्या कुणाचंही नाव किंवा चेहरा वापरला नाही. उरलेल्या दोन पानांवर १९४३ च्या मुरगावचा दुपानी नकाशा आला : बंदराची भिंत, कॅसलरॉकहून येणारी मीटरगेज रेल्वे, आगशी-कुठ्ठाळी फेरी आणि पुलाच्या जागी नुसतं पाणी.

खबऱ्याचं घर पाच पानांवर, नऊ चौकटींत होतं. नुसता कोंबडा काढून भागलं नसतं. चित्रकाराने तीन वेगवेगळ्या तालुक्यांतल्या घरांचे भाग घेऊन असं एक घर रचलं जे कुठेच नाही : सपाट दर्शनी भिंत, बाल्कांव नाही, फाटक नाही. मग पाच जणांना दाखवून ‘हे कुठलं?’ विचारलं. दोघांनी वेगवेगळ्या गावांची नावं घेतली, तिघांना ओळखता आलं नाही. तेवढं पुरेसं होतं. रचनेचं हे काम नव्याने चित्र काढण्यापेक्षा वेळखाऊ निघालं.

रात्र कशी छापायची

आता छपाई. १८ पानांची रात्र चार रंगांत होती, निळा-काळा गडद, चारही शायांची टक्केवारी मिळून एकूण शाई जवळजवळ ३०० टक्के. कागद १०० जीएसएमचा मॅपलिथो, म्हणजे बिनलेपाचा. बिनलेपाच्या कागदाला इतकी शाई पेलत नाही, मर्यादा २४० ते २६० पर्यंत. शिवाय अशा कागदात ठिपका पसरतो, पडद्यावर ७० टक्के दिसणारा करडा छपाईत ९० च्या जवळ जातो. प्रूफमध्ये बार्ज, शिडी, माणसं सगळी एका काळ्या थरात बुडाली होती. छापखान्याच्या फोरमनने कागदाच्या मागच्या बाजूने उजेड धरून दाखवलं, शाई आरपार उतरली होती.

चंद्र गेल्याने उजेडही गेला होता, म्हणून हे सुधारणं आणखी अवघड झालं. उपाय इतिहासातच सापडला. त्या रात्री उजेड देणारं एकच मोठं साधन होतं, जळणारी जहाजं. चार रंग सोडून काळा आणि एक खास नारिंगी अशा दोन शाया घेतल्या. हल्ल्याच्या पहिल्या नऊ पानांवर फक्त काळा, तोही भरणा न करता आडव्या रेषांच्या विणीत, करड्याची कमाल ६० टक्के. आग लागली त्या पानावर नारिंगी पहिल्यांदा येतो आणि पुढे वाढत जातो. दोन शायांमुळे छपाईचा खर्चही उतरला, त्यातून उशिराचा काही भाग निघाला.

अक्षरांचं काम त्यामानाने यांत्रिक, पण सगळ्या ११२ पानांवर होतं. फुगे काढले तेव्हा संवाद रोमन लिपीत टाइप केलेल्या कच्च्या संहितेवरून मोजले होते. देवनागरीत वेलांट्या-मात्रा वर आणि उकार खाली जातात, ओळींत अंतर जास्त लागतं. ९ पॉइंटच्या अक्षराला १४ पॉइंटचं अंतर दिल्याशिवाय उकार खालच्या मात्रेत अडकत होते. फुगे वाढले आणि चेहऱ्यांवर चढले. शेवटी संवादच छाटले, एका फुग्यात कमाल १८ शब्द. इनडिझाइन या पान-मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘वर्ल्ड-रेडी कंपोझर’ चालू नसेल तर जोडाक्षरं सुटतात, ‘गोऱ्या’ मधला ऱ्य, ‘धक्क्यावर’ मधला क्क्य हे आधी फुटतात. म्हणून अशा बारा शब्दांची एक चाचणी-ओळ करून प्रत्येक फाइल निर्यात केल्यावर तीच आधी तपासायची, असा नियम केला. धक्क्यावरच्या कामगारांचे संवाद कोकणीतच ठेवले, जर्मन आणि पोर्तुगीज संवाद मराठीत आणून फुग्याची कड बदलली : जर्मनांना चौकोनी, पोर्तुगीजांना दुहेरी.

परिणाम

पुस्तक १९ डिसेंबरऐवजी फेब्रुवारीअखेर आलं. ११ पानं नव्याने काढली, १८ पानांची रात्र पुन्हा केली. मुक्तिदिनाची विक्री हुकली आणि प्रकाशकाला ती जाणवली, कारण शाळा-वाचनालयांची खरेदी तोवर आटोपली होती.

वाचकांचा प्रतिसाद एकसारखा नव्हता. मुरगावचा भाग सर्वांना आवडला, पोट सुटलेले हल्लेखोर विशेष. चिरलेल्या चौकटीवर शाळकरी मुलांनी वाद घातल्याचं एका शिक्षकाने कळवलं. सीमेवरचा भाग काहींना रिकामा वाटला. ‘खून दाखवलाच नाही’ अशी तक्रार आली, आणि खुनाचं पुस्तक म्हणून विकत घेतलेल्या वाचकाची ही तक्रार समजण्यासारखी आहे. स्वातंत्र्यसैनिकांच्या घरच्यांकडून आलेली प्रतिक्रिया वेगळी होती. मोंतेरोला एकच चौकट दिली आणि बाहेर थांबलेल्या बायकांना चार पानं, हे त्यांना पटलं. घराबद्दल कुणीही विचारलं नाही.

वेगळं काय करता आलं असतं

तीन खुणांची वही शाईनंतर भरली, ती संहितेच्या दुसऱ्या खर्ड्यालाच भरायला हवी होती. चौकटींचे अंगठ्याएवढे कच्चे आराखडे असताना एक खूण बदलायला पाच मिनिटं लागतात, शाईनंतर दोन दिवस. खर्चाचा सगळा फरक इथेच पडला.

वस्तूंच्या चुका टाळायला कालपट लागतो, पण तो घटनांचा पुरत नाही. ‘कोणती गोष्ट कधी आली’ असा वेगळा तक्ता हवा : पूल, चलन, पोलिस दलाचं नाव, गणवेश, बार्जी, दिवे, आणि प्रत्येक रात्रीच्या प्रसंगासमोर तिथी. तिथी काढायला जुनं पंचांग पुरतं. जो चित्रकार त्या गावात वाढला त्याची नजर जास्त तपासावी, कारण त्याला आठवणीतून काढता येतं आणि आठवण नेहमी स्वतःच्या काळाची असते.

खऱ्या घराचा, खऱ्या चेहऱ्याचा फोटो संदर्भाला घेतला तर त्या फाइलच्या नावातच तो कुठला हे लिहून ठेवावं. इथे तसं केलं असतं तर खबऱ्याच्या पानांवर ते नाव संपादकाच्या डोळ्यांसमोर आपोआप आलं असतं.

छपाईसाठी पूर्ण पुस्तकाच्या प्रूफची वाट पाहू नये. सर्वांत काळी दोन पानं आणि सर्वांत दाट संवादाचं एक पान, तेही प्रत्यक्ष ज्या कागदावर पुस्तक येणार त्याच कागदावर, काम सुरू झाल्याच्या पहिल्या महिन्यात काढून बघावं. डिजिटल प्रूफ लेपाच्या कागदावर येतं आणि खोटा दिलासा देतं.

तारखेचा निर्णय मात्र पुन्हा तसाच घ्यावा लागेल. मुक्तिदिनाला पुस्तक हवं असेल तर वाचनाची बैठक सप्टेंबरात ठेवून चालत नाही, ती एप्रिलात, पेन्सिलवर असतानाच व्हायला हवी.

दुसऱ्या आवृत्तीसाठी दोन बदल राखून ठेवले आहेत. तीन रेषांची ओळख पहिल्या पानावर एकाच धक्क्याच्या तीन चित्रांनी करून द्यायची, कारण काही वाचकांना ती वीस पानांनंतर कळली. आणि कॉखची मोटार फेरीबोटीवर चढते ती चौकट सध्या शाईत आहे. पळवून नेणं नक्की असलं तरी मार्गाचा पुरावा नाही, म्हणून ती पेन्सिलमध्ये जाईल.